लिमिंग्टन ते फॅलमथ, दोघांनीच: गावांचा तक्ता बाजूला ठेवा, भूशिरांचा करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेडिंगला राहणारं, मूळचं पुण्याचं, चाळिशीतलं जोडपं. दोघांनीही मागच्या हंगामात आरवायएचा (ब्रिटनची नौकानयन संघटना) ‘डे स्किपर’ हा दिवसा छोटी बोट चालवण्याचा कोर्स पुरा केलाय. जुलैत तीन आठवड्यांची रजा आहे. लिमिंग्टनहून ३३ फुटी शिडाची बोट भाड्याने घ्यायची, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याने पश्चिमेला फॅलमथपर्यंत जायचं, वाटेतली बंदरांची गावं बघायची आणि परत यायचं. तारखांसकट तक्ता सोबत दिलाय. सुकाणू बहुतेक नवऱ्याच्या हातात असतं, बायकोला बोट लागते. हे जमेल का, आणि तक्त्यात काय बदलावं, असं नवऱ्याने विचारलंय.

जमेल. फक्त फॅलमथचा हट्ट धरू नका, आणि तक्ता नव्याने मांडा. या किनाऱ्यावर मी बरीच वर्षं शिकवते आणि उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको दोघंच बोट घेऊन फिरतो, त्यामुळे माझी काही मतं फार ठाम झाली आहेत. ती मतं म्हणूनच घ्या.

तुमच्या तक्त्यात प्रत्येक ओळीत एक तारीख आणि एक गाव आहे. शनिवार पूल, रविवार वेमथ, सोमवार डार्टमथ, असं करत दुसऱ्या रविवारी फॅलमथ. अंतरं बरोबर काढली आहेत. लिमिंग्टन ते पूल सुमारे १८ सागरी मैल, पूल ते वेमथ २५, वेमथ ते डार्टमथ ५० च्या आसपास. पुढे सॉलकम, प्लिमथ, फॉय करत फॅलमथ गाठलं की एका बाजूचे साधारण १७० मैल होतात. तासाला ५ मैल धरले तर ३४ तास. तीन आठवड्यांत ३४ तास जायला आणि ३४ तास यायला म्हणजे आरामच आराम, असं तुम्ही लिहिलंय. बेरीज बरोबर आहे. तिच्यात वारा आणि पाणी तेवढं धरायचं राहिलंय.

आधी वारा. इथे उन्हाळ्यात नेहमीचा वारा नैऋत्येचा, आणि तुम्हाला जायचंय तेही त्याच बाजूला. शिडाची बोट वाऱ्याच्या तोंडावर सरळ चालत नाही, वाऱ्याशी ४५ अंशांच्या आसपास कोन ठेवून, टॅक घेत म्हणजे बाजू बदलत नागमोडी जाते. त्यामुळे वेमथ-डार्टमथचे ५० मैल ७० होतात आणि दहा तासांचे चौदा. शिवाय लाटा समोरून, डेकवर पाणी, बोट एका कुशीवर कललेली. पहिल्याच आठवड्यात असे दोन दिवस काढले तर तुमची बायको पुढच्या बंदरात उतरून ट्रेनने रेडिंगला जाईल, आणि मी तिची बाजू घेईन.

आता पाणी. इंग्लिश खाडीतलं पाणी वर-खाली होतं त्याहीपेक्षा शिडवाल्यांना महत्त्वाचं म्हणजे ते आडवं धावतं: साधारण सहा तास पश्चिमेला, सहा तास पूर्वेला. किनारा सरळ असतो तिथे हा प्रवाह नॉट-दीड नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पण जमीन जिथे समुद्रात घुसते तिथे तो चिमटीत सापडतो, जोर धरतो, आणि समोरून वारा असेल तर उभ्या भिंतीसारख्या तुटक लाटा उठवतो. नकाशावर अशा जागांना ‘रेस’ म्हणतात. लिमिंग्टन आणि सॉलकमच्या मध्ये अशा चार जागा आहेत: हर्स्ट-नीडल्स (लिमिंग्टनहून खुल्या समुद्रात पडायची अरुंद वाट), सेंट आल्बन्स हेड, पोर्टलंड बिल आणि स्टार्ट पॉइंट. बोटीच्या घड्याळावर तुमची सत्ता या चार ठिकाणी संपते. म्हणून तक्ता या चार भूशिरांचा करा: कोणतं भूशिर कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेला, कोणत्या वाऱ्यात ओलांडता येईल. गावं आपोआप मधल्या जागी बसतात. आणि जिथे पुढचं भूशिर आज ओलांडता येत नाही, त्या गावात मुक्काम वाढतो. गावं बघायची तुमची हौस त्या वाढलेल्या मुक्कामातच भागेल. रोज संध्याकाळी सहाला पोचून सकाळी सहाला निघणाऱ्याला फक्त मरिनाची न्हाणीघरं बघायला मिळतात.

निघण्याचा दिवस ठरवायला घरचं ‘कालनिर्णय’ उघडा, मी चेष्टा करत नाहीये. कोकणातले मासेमार जसं उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) बघतात तसंच इथे बघायचं. अमावास्या-पौर्णिमेनंतर दीड-दोन दिवसांनी उधाण येतं, अष्टमीनंतर तेवढ्याच अंतराने भांग. प्रत्येक बंदराची उधाणाची वेळही जवळजवळ ठरलेली असते. पोर्ट्समथला उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते, भांगाची सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. या ग्रीनिचच्या वेळा झाल्या, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवा. हर्स्टपाशी पश्चिमेला वाहणारा प्रवाह पोर्ट्समथच्या भरतीच्या साधारण तासभर आधी सुरू होतो. म्हणजे नवमी-दशमीच्या आसपास लिमिंग्टन सोडलंत तर तो तुम्हाला पहाटे सहाच्या सुमाराला मिळतो, सौम्य असतो, आणि दिवसभराचा उजेड हाताशी राहतो. पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी निघालात तर दुपारी बारापर्यंत धक्क्यावर चहा पीत बसावं लागेल आणि नंतर पाणी सैरावैरा पळत असेल. तुमची रजा एक आठवडा इकडे-तिकडे होऊ शकते असं लिहिलंय, तर शनिवार असाच निवडा. पुढे भरतीची वेळ रोज पाऊण ते एक तासाने सरकते. नेमक्या वेळा आणि प्रवाहाचे बाण ‘रीड्स’ या नाविक पंचांगात आहेत. प्रवाहाचे तक्ते मोबाइलवरही मिळतात, पण छापील प्रत बोटीवर असू द्या.

पहिलं भूशिर, हर्स्ट. इथे उधाणाला प्रवाह ४ नॉटच्या वर जातो. सकाळचा वारा अजून उठलेला नसताना इंजिनवर निघालात तर पंधरा-वीस मिनिटांत बाहेर पडाल. नीडल्सच्या उत्तरेला शिंगल्स नावाचा खडीचा उथळ पट्टा आहे, त्याच्यापासून लांब राहा. नैऋत्येकडून जोराची लाट येत असेल तर नीडल्सची मुख्य वाट सोडून हर्स्टच्या किनाऱ्यालगतची उत्तरेची वाट घ्या. त्या लाटेत ओहोटीचा प्रवाह उलटा भिडला की मुख्य वाटेवर काय होतं ते बोटीतून बघण्यासारखं नाही.

पहिल्या रात्री पूल बंदरात शिरू नका, असं मी सुचवेन. बंदर सुंदर आहे, मध्ये ब्राउनसी बेट आहे. १९०७ मध्ये बेडन-पॉवेलने स्काउटांचं पहिलं शिबिर भरवलं ते याच बेटावर, आणि इंग्लंडातून जवळजवळ हद्दपार झालेल्या लाल खारी तिथे अजून आहेत. पण तोंडाशी साखळीवर चालणारी फेरी आडवी येते, सुट्टीच्या दिवशी जेट-स्कींचा धुमाकूळ, आणि आत-बाहेर करण्यात दीड-दोन तास जातात. ते परतीसाठी ठेवा. वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा असेल तर बाहेरच्या स्टडलंडच्या उपसागरात, पांढऱ्या खडूच्या ओल्ड हॅरी सुळक्यांच्या आड, निवांत रात्र काढता येते. तिथल्या समुद्री गवतात सागरी घोडे राहतात, म्हणून गवतावर नांगर टाकू नये अशी विनंती केलेला पट्टा आखलेला आहे. त्यासाठी ठेवलेल्या मूरिंग बोया (बोट बांधायचे तरंगते गोळे) वापरा. वारा पूर्वेचा झाला की मात्र तिथून उठायचं, रात्री दोन वाजले असले तरी.

सेंट आल्बन्स हेडबद्दल फार लिहीत नाही. प्रवाह बरोबर असताना किनाऱ्याला अगदी चिकटून जा, नाही तर तीनेक मैल बाहेरून. पलीकडे लुलवर्थजवळ लष्कराच्या तोफांच्या सरावाचा पट्टा आहे. मारा चालू असेल तर गस्तीची बोट रेडिओवर बोलावून बाहेरून जायला सांगते. सराव कोणत्या दिवशी आहे ते आदल्या संध्याकाळी बघून ठेवा, शनिवार-रविवारी सहसा नसतो. हा सगळा किनारा युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर केलेला. शांत हवेत जवळून जाता आलं तर खडकांचे तिरके थर समुद्रातून वाचता येतात.

आता वेमथ. तुमच्या तक्त्यात इथे एक रात्र आहे. तिथे तीन लिहा आणि चौथी मनात धरा.

कारण पुढे पोर्टलंड बिल आहे, त्यापुढे लाइम बे आहे, आणि ही दोन्ही एकाच दिवशी करायची असतात. थांबायला वेमथइतकं सोयीचं गाव नाही. बोटी थेट गावाच्या जुन्या धक्क्याला एकीला एक बांधून उभ्या राहतात, त्यामुळे तुमच्या डेकवरून शेजारचे लोक ये-जा करणार हे गृहीत धरा, आणि तुम्हीही दुसऱ्याच्या बोटीवरून जाताना कॉकपिटमधून नका जाऊ, डोलकाठीच्या पुढून जा. धक्क्यावर फिश अँड चिप्स, मागे तिसऱ्या जॉर्ज राजाने १७८९ पासून समुद्रस्नानासाठी लोकप्रिय केलेली वाळू, आणि एका भिंतीवर १३४८ मध्ये काळी महामारी याच बंदरातून इंग्लंडात शिरली हे सांगणारी पाटी. २०१२ च्या ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यती इथल्याच पाण्यात झाल्या. पण तिथे पोचल्यावर पहिलं काम हे करा: पंचांगात प्रवाह ऐन जोरात असण्याची वेळ बघा आणि त्या वेळी बसने पोर्टलंडच्या टोकाला जा. १९०६ चं लाल पट्ट्याचं दीपगृह आहे, त्याच्या पायथ्याशी उभे राहा. चांगल्या हवेतही समोर पाणी उकळत असतं. मी शिकाऊ लोकांना हे आवर्जून दाखवते. नकाशावरच्या नागमोडी खुणा त्यानंतर कुणी हलक्यात घेत नाही.

असं का होतं ते समजून घेतलंत तर वेळेचं गणित पाठ करावं लागणार नाही. पोर्टलंड हा दक्षिणेकडे लोंबणारा जमिनीचा लांब तुकडा आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी बारा तासांतले जवळजवळ दहा तास पाणी दक्षिणेला वाहतं. ही दोन पाणी टोकाशी एकत्र येतात, मधून खाडीचा मुख्य प्रवाह आडवा जातो, आणि टोकाखाली पाण्यात बुडालेली खडकाची पायरी या सगळ्याला वर ढकलते. उधाणाला इथे प्रवाह ७ नॉटच्या वर जातो. तुमची बोट इंजिनवर ६ नॉट चालते. एकदा चुकीच्या वेळी त्यात सापडलं की निर्णय घ्यायला काही उरत नाही.

वाटा दोन. एक आतली: टोकाच्या आणि रेसच्या मध्ये काहीशे मीटर रुंदीचा बरा पट्टा असतो. त्यासाठी टोकाच्या निदान दोन मैल उत्तरेलाच किनारा धरायचा, दक्षिणेला जाणारं पाणी पाठीशी घ्यायचं, खडकापासून जेमतेम लांब राहून टोक वळायचं. ही वाट दिवसा, हलक्या वाऱ्यात, पंचांगात दिलेल्या वेळेतच. खेकडे-शेवंडांच्या पिंजऱ्यांचे बोये तिथे पेरल्यासारखे असतात, एखादा दोर बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंतला तर रेस तुमची वाटच पाहत असते; म्हणून एकाने सुकाणू धरायचं आणि दुसऱ्याने पुढे उभं राहून बोये दाखवायचे. दुसरी वाट बाहेरची: टोकापासून तीन ते पाच मैल दक्षिणेने वळसा. लांब पडते, प्रवाह तिथेही पाळावाच लागतो, पण चुकीला जागा असते. तुमच्या पहिल्या खेपेला मी बाहेरचीच सांगेन. नंतर परतताना, सवय झाल्यावर, आतली बघा.

पलीकडे लाइम बे. बिलपासून डार्टमथ ४३ मैल, मध्ये प्रवाह फारसा नाही, आणि वारा दक्षिणेकडून जोर धरू लागला तर आसऱ्याला चटकन शिरता येईल असं बंदरही नाही. लाइम रीजिस ओहोटीला कोरडं पडतं, एक्समथच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. म्हणून थांबायचं ते वाऱ्यासाठी. नैऋत्येचा पावसाळी वारा एक-दोन दिवस वाहून जातो, थंड हवेची आघाडी पुढे सरकते, आकाश उघडतं आणि वारा वायव्येला फिरतो. तोच तुमचा दिवस. डार्टमथची दिशा पश्चिम-नैऋत्य, वारा उजव्या गालावर, जमीन उजव्या हाताला असल्याने लाटही लहान. वाऱ्याची ताकद बोफर्ट मापावर ३-४ असावी, ५ चालेल, ६ चा इशारा असेल तर गावात सिनेमा बघा. कोस्टगार्ड दर तीन तासांनी व्हीएचएफ रेडिओवर किनाऱ्याचा हवामान-अंदाज सांगतं, चॅनल १६ वर आधी घोषणा होते. तुमचे दोन पट्टे आहेत, सेल्सी बिल ते लाइम रीजिस आणि लाइम रीजिस ते लँड्स एंड. मोबाइलवरचे रंगीत बाण जरूर बघा, पण ‘नंतर वाढण्याची शक्यता’ हे शब्द त्या बाणांत नसतात.

वेमथमधल्या वाट बघण्याच्या दिवसांत एक काम दोघांनी मिळून करायचंय, म्हणून इथून पुढचं दोघांनी वाचा.

दोघांची बोट ही खरं तर एकट्याची बोट असते. एक जण झोपलेला असेल, उलट्यांनी बेजार असेल किंवा देव न करो पाण्यात असेल, त्या वेळी दुसरा एकटाच बोट चालवत असतो. त्यामुळे ‘सुकाणू नवऱ्याकडे, दोर बायकोकडे’ ही वाटणी मला अजिबात मान्य नाही. इंजिन सुरू करणं, पुढचं शीड गुंडाळणं, मोठ्या शिडाला रीफ घेणं (वारा वाढला की शीड लहान करणं), नकाशावर आपली जागा काढणं, रेडिओचं लाल बटण दाबून मेडे (जिवावरच्या संकटाची हाक) देणं आणि बोट धक्क्याला लावणं, ही सगळी कामं प्रत्येकाला एकट्याने आली पाहिजेत. शेजारचं पोर्टलंड बंदर लांबलचक दगडी बांधांनी बंदिस्त केलेलं आहे, सरावाला उत्तम. एक दिवस तो कॉकपिटमध्ये हाताची घडी घालून बसेल आणि ती सगळं करेल. दुसऱ्या दिवशी उलट. घडी घालून बसणं जास्त अवघड जातं, हे आधीच सांगून ठेवते.

धक्क्याला लागताना तर वाटणी उलटीच बरी. सुकाणूला ताकद लागत नाही, दोराला लागते. तिने बोट आणावी, त्याने दोर घ्यावा. उडी कुणीच मारायची नाही. बोट थांबल्यावर डोलकाठीजवळच्या तारांना धरून धक्क्यावर पाऊल टाकायचं. पहिला दोर बोटीच्या मधल्या क्लीटचा (दोर बांधायच्या खुंटीचा): तो धक्क्याच्या मागच्या बाजूच्या खुंटाला घातला, इंजिन हळू पुढच्या गिअरमध्ये ठेवलं आणि सुकाणू धक्क्यापासून उलट दिशेला फिरवलं की बोट आपली आपण धक्क्याला चिकटून राहते. बाकीचे दोर मग चहा झाल्यावर बांधले तरी चालतात. कुठल्या बाजूने लागायचं, फेंडर (बोट घासू नये म्हणून लटकवायच्या उशा) कुठे, जमलं नाही तर बाहेर कसं पडायचं, हे बंदरात शिरण्याआधी बोलून घ्या. आत शिरल्यावर फक्त हाताच्या खुणा. बंदरात ओरडणारं जोडपं सगळा धक्का कान टवकारून ऐकतो, आणि मराठीतून ओरडलात तरी आशय पोचतोच.

लाइफजॅकेटला मांडीखालचा पट्टा हवा आणि अडकवण्याचा दोर हवा. तळातून वर येताना, शेवटची पायरी चढण्याआधी, अडकवा. जुलैतही पाणी १५-१६ अंशांचं असतं, आणि भिजलेल्या पूर्ण वाढलेल्या माणसाला एकट्याने बोटीवर घेणं शिडाचा दोर आणि विंच (दोर ओढायचं चक्र) वापरूनही फार कठीण आहे. दोघांच्या बोटीवर पडलेल्याला वाचवण्याच्या युक्त्या दुय्यम, न पडणं मुख्य.

बोट लागण्याचंही यातच उत्तर आहे. ज्याच्या हातात सुकाणू त्याला बोट सर्वांत कमी लागते, कारण नजर क्षितिजावर असते आणि पुढची लाट आधी कळते. तिला सुकाणू द्या आणि तळाशी जाऊन नकाशा, चहा, भांडी तुम्ही बघा. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. सिनारिझिन इथे औषधांच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, निघण्याच्या दोनेक तास आधी घ्यायचं असतं. दुसरी औषधं चालू असतील तर फार्मासिस्टला विचारा, आणि पहिली गोळी घरी असताना घेऊन बघा, काहींना फार झोप येते. आलेपाक माझ्या खिशात कायम असतो. थंडी आणि रिकामं पोट दोन्ही वाईट. निघायच्या सकाळी पोहे नकोत, साधा भात किंवा टोस्ट.

डार्टमथला पोचाल तेव्हा कळेल की वेमथला का थांबलात. बाहेरून नदीचं तोंड दिसतच नाही, डोंगराच्या भिंतीत एक फट उघडते आणि दोन्ही काठांवर एकेक किल्ला घेऊन तुम्ही आत असता. वर टेकडीवर ब्रिटिश नौदलाचं अधिकारी महाविद्यालय. न्यूकोमेन, १७१२ मध्ये ज्याचं वाफेचं इंजिन खाणीतून पाणी उपसायला लागलं, तो इथलाच. गावात एकच रात्र काढा, नंतर भरतीबरोबर नदीतून वर डिटिशमला जा. तिथल्या धक्क्यावर घंटा वाजवली की पलीकडून होडी येते आणि अगाथा ख्रिस्तीच्या ग्रीनवे या घराच्या पायथ्याशी सोडते. बोटीवर डाळ-भात, खाली संथ पाणी, वारा कुठूनही आला तरी फिकीर नाही. माझ्या मते हा तुमच्या प्रवासाचा मधला मुक्काम आहे, आणि तीन आठवड्यांत फक्त इथपर्यंत येऊन परत गेलात तरी प्रवास पुरा झाला.

पुढे जायचं की नाही याला एकच नियम ठेवा: दहाव्या दिवशी सकाळी जिथे असाल तिथून बोटीचं तोंड पूर्वेला. परतीला नैऋत्येचा वारा पाठीशी असतो, अंतर लवकर कापलं जातं, पण पोर्टलंड तिथेच असतं आणि शुक्रवारी बोट परत द्यायची म्हणून चुकीच्या दिवशी ते ओलांडणारे लोक दरवर्षी दिसतात.

दहावा दिवस लांब असेल तर स्टार्ट पॉइंट ओलांडा. त्याच्या अलीकडे किनाऱ्यावर हॉलसँड्सची पडकी भिंताडं दिसतील. प्लिमथच्या नौदलाच्या गोदीसाठी समोरच्या समुद्रातली खडी उपसून नेली, किनारा खचला आणि जानेवारी १९१७ च्या वादळात अख्खं गाव समुद्राने नेलं. जीव मात्र कुणाचा गेला नाही. आपल्याकडे खाड्यांतून रेती उपसतात त्यांना हे दाखवून आणावं, पण तो विषय वेगळा.

सॉलकम हे या किनाऱ्यावरचं सर्वांत देखणं आणि जुलैत सर्वांत गर्दीचं बंदर. तोंडाशी वाळूचा दांडा आहे. दक्षिणेचा जोराचा वारा आणि ओहोटी एकत्र असतील तर त्यावर लाटा फुटतात, तेव्हा शिरायचं नाही. २७ ऑक्टोबर १९१६ ला याच दांड्यावर सॉलकमची जीवरक्षक बोट उलटली आणि १५ पैकी १३ जण बुडाले. अर्धी भरती झाल्यावर, हलक्या वाऱ्यात, किनाऱ्यावरच्या दिशादर्शक खुणा एका रांगेत धरून आत गेलात तर काहीच कळत नाही.

प्लिमथ मोठं शहर आहे, इंधन-किराण्यासाठी ठीक. फॉय त्यापेक्षा कितीतरी गोड, अरुंद नदी आणि चिनी मातीची जहाजं अंगावरून गेल्यासारखी जातात. फॅलमथला पोचलातच तर एक गोष्ट आठवा. १४ जून १९६८ ला इथून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन एकटा निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून इथेच परतला. असं करणारा तो पहिला. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ सागवानाची होती आणि मुंबईत बांधलेली होती. लांबीला तुमच्या भाड्याच्या बोटीपेक्षा एक फूट कमीच. नंतर कमांडर दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले, तेव्हा त्यांनी आधी नॉक्स-जॉन्स्टनकडेच धडे घेतले होते.

पैशांचं आणि कराराचं. दहा मीटरच्या बोटीला मरिनात एका रात्रीचे साधारण ३५ ते ५० पौंड धरा. नदीतल्या बोया स्वस्त, नांगर बहुतेक ठिकाणी फुकट. सही करण्याआधी मालकाला तीन गोष्टी लेखी विचारा: पोर्टलंडच्या पश्चिमेला जायची परवानगी आहे का, दोघांच्याच चालकदलाला आणि तुमच्या प्रमाणपत्राला विमा लागू आहे का, आणि खराब हवेमुळे बोट दुसऱ्या बंदरात सोडावी लागली तर ती परत आणण्याचा खर्च कुणाचा. तिसऱ्याचं उत्तर आवडणार नाही, तरी ते आधी माहीत असलेलं बरं. ‘नाही’ हे पहिल्याचं उत्तर असेल तर बोट डार्टमथ किंवा प्लिमथहून भाड्याने घ्या आणि डार्ट ते फॅलमथ एवढंच तीन आठवडे फिरा. मला विचाराल तर तो बेत तुमच्या मूळ बेतापेक्षा चांगला आहे, पण तुम्ही लिमिंग्टनचं विचारलंत.

कुकर घेऊन जा. झाकण बंद राहतं, बोट कलली तरी वरण सांडत नाही, गॅसही कमी जळतो. परतीच्या शेवटच्या टप्प्यात नीडल्सला पूर्वेला वाहणारं पाणी सुरू झाल्यावर पोचा, आणि करार शनिवारी संपत असेल तर शुक्रवारी दुपारी दोनच्या आधी लिमिंग्टन गाठा. त्यानंतर डिझेलच्या पंपावर भाड्याच्या बोटींची रांग लागते, आणि तिथे मागून वारा असताना बोट जागेवर धरून ठेवायची असेल तर सुकाणू तिच्याकडेच असू द्या.